टेकडीवर वजनाचे गट नसतात

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले, ते बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात. स्पर्धेची कुस्ती कुठेही असो, मल्ल आधी काट्यावर उभा राहतो आणि मग मॅटवर उतरतो. ५७ किलोच्या पोराला ९० किलोच्या गड्यासमोर उभं करणं हा अन्याय आहे, हे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. बॉक्सिंगमध्ये तेच, ज्यूदोत तेच, वेटलिफ्टिंगमध्येही तेच. पण तालमीचा उंबरा ओलांडला की ही समज मागे राहते. सकाळच्या टेकडीवर, बागेतल्या जॉगिंग ट्रॅकवर, शाळेच्या मैदानावर सगळ्यांना एकच फेरी आणि एकच घड्याळ. जो पुढे गेला तो तयारीचा, जो मागे पडला तो आळशी.

एका व्यायामशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत हा विषय ठेवण्यामागे तेच कारण आहे. व्यायाम करताना शरीर किती ऊर्जा खर्च करतं आणि त्या खर्चात वजनाचा वाटा किती, हा प्रश्न वरवर कोरड्या आकडेमोडीचा वाटतो. पण ती आकडेमोड नीट केली, तर मैदानावर रोज दिले जाणारे बरेच निवाडे फिरवावे लागतात.

सिंहगडाचं उदाहरण सोयीचं आहे. रविवारी पहाटे आतकरवाडीतून पायवाटेने गड चढणाऱ्या पुणेकरांची रीघ लागलेली असते. पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंतची उभी चढण ढोबळमानाने ६०० मीटर धरता येते. समजा, ९० किलोचे मामा आणि ६० किलोचा भाचा बरोबरच निघाले. पहिल्या टप्प्यातच भाचा पुढे जातो. वळणावर सरबतवाल्यापाशी थांबून तो हाक मारतो, "मामा, बसा हवं तर जरा, घाई नाहीये." मामांचा शर्ट पाठीला चिकटलेला, एक हात गुडघ्यावर रेटलेला, बोलायला दम उरलेला नाही. ते नुसती मान हलवतात. येणारा-जाणारा दोघांकडे बघून मनाशी जे ठरवायचं ते ठरवून टाकतो.

आता हिशेब. एक किलो वजन एक मीटर वर न्यायला ९.८ जूल लागतात. ६० किलो ६०० मीटर वर न्यायचे म्हणजे सुमारे ३ लाख ५३ हजार जूल, म्हणजेच ८४ कॅलरी. इथे कॅलरी म्हणजे आहाराच्या तक्त्यात असते ती, ४,१८४ जुलांची. स्नायू मात्र खर्च केलेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लावतात. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते आणि ती बाहेर टाकण्यासाठी घाम येतो. त्यामुळे भाच्याचा खरा खर्च ८४ च्या चौपट, म्हणजे ३४० च्या आसपास. मामांचा त्याच हिशेबाने ५०५. वाट तीच, दगड तेच, दरवाजा तोच, काम दीडपट.

याची पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. भाचा तासाभरात वर पोचला आणि मामांना दीड तास लागला, तर दर मिनिटाला दोघांनी जवळपास सारखीच ऊर्जा खर्च केली. मागे पडलेले मामा तसूभरही कमी मेहनत करत नव्हते. आणि भाच्याच्या बरोबरीने राहायचं म्हणून ते तासात वर गेले असते, तर संपूर्ण तासभर त्यांच्या हृदयाला आणि फुप्फुसांना दीडपट भार सोसावा लागला असता. जे त्यांच्याकडून सहज मागितलं जातं ते भाच्याकडून मागायचं, तर त्याच्या पाठीवर ३० किलोची पिशवी द्यावी लागेल. अशी पिशवी घेऊन गड चढणाऱ्या तरुणाला लोक वाट देतात, पाणी विचारतात.

श्रम आणि श्वास यांचा संबंध मोजणारा पहिला मोठा प्रयोग फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात झाला. त्याआधी, १७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि पिएर-सिमों लाप्लास यांनी एक गिनी पिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला होता. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतं ते त्यांनी मोजलं आणि श्वसन हे एक प्रकारचं मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. १७९० च्या सुमारास लाव्हाझिएने आपला तरुण सहकारी आर्मां सेग्यँ याच्यावर प्रयोग केले. त्या प्रसंगाची चित्रं लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने काढलेली आहेत. सेग्यँच्या तोंडावर मुखवटा बसवलेला आहे, त्यातून नळी निघाली आहे, एकजण त्याची नाडी पाहतो आहे, तो पायाने वजन उचलतो आहे, आणि बाजूच्या मेजाशी टिपण घेत बसलेली मारी-आन स्वतः. उपाशीपोटी स्वस्थ बसलेल्या सेग्यँला जेवढा ऑक्सिजन लागत होता, त्याच्या अडीचपटींहून अधिक वजन उचलताना लागला. हमालाच्या आणि विचारवंताच्या श्रमांची तुलना एक दिवस करता येईल, अशी लाव्हाझिएला उमेद होती. ८ मे १७९४ रोजी त्याला गिलोटिनवर चढवण्यात आलं. त्यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत मिडलटाऊन इथे विल्बर अॅटवॉटर याने माणूस दिवसेंदिवस राहू शकेल एवढी बंद खोली बांधून आत जाणारं अन्न आणि बाहेर पडणारी उष्णता यांचा ताळा जमवून दाखवला. डब्याबंद खाद्यपदार्थांवर छापलेल्या कॅलरी आजही मुख्यतः त्याच्याच गुणकांवर काढल्या जातात.

आज जिममध्ये आणि मोबाइलवर दिसणारे आकडे या परंपरेतूनच आले आहेत, पण वाटेत बरंच काही गाळून. त्यांच्या मुळाशी मेट नावाचं एकक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे एक मेट, आणि तो दर किलो वजनामागे ताशी एक कॅलरी धरलेला आहे. साध्या वेगाने, म्हणजे ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, सपाट रस्त्यावर चालणं म्हणजे साडेतीन मेट. १९९३ साली बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हालचालींचे असे आकडे एका संग्रहात एकत्र केले. झाडू मारण्यापासून दोरीवरच्या उड्यांपर्यंत सगळं त्यात आहे. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मेटला वजनाने आणि तासांनी गुणलं की उत्तर तयार. ६० किलोच्या भाच्याचं तासभर चालणं २१० कॅलरी, ९० किलोच्या मामांचं ३१५.

गुणाकार सोपा आहे, म्हणूनच तो जपून वापरायला हवा. पहिली गोष्ट, या ३१५ मध्ये मामा सोफ्यावर बसून राहिले असते तरी खर्च झाल्या असत्या त्या ९० कॅलरीही आहेत. चालण्याने झालेला निव्वळ खर्च २२५. भाच्याचा १५०. एक मोठा चमचा तेलात साधारण १२० कॅलरी असतात, हे डोळ्यासमोर ठेवलं की तासाभराच्या फेरीनंतर नाश्त्याच्या गाडीवर होणाऱ्या चुकीचा अंदाज येतो. यंत्रं बहुधा एकूण आकडा दाखवतात, आणि लोक तो निव्वळ समजून खातात.

दुसरी गोष्ट मेटच्या पायाचीच आहे. दर किलोला दर मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन, हे स्वस्थ बसलेल्या माणसाचं प्रमाण मुळात एका ७० किलोच्या, चाळिशीतल्या पुरुषावरून घेतलेलं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७६९ प्रौढ स्त्री-पुरुषांचा प्रत्यक्ष विश्रांतीचा खर्च मोजला, तेव्हा सरासरी २.६ मिलिलिटर आली. म्हणजे जगभर वापरला जाणारा पाया त्या लोकांच्या बाबतीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगलेला निघाला. आणि शरीरात चरबीचं प्रमाण जितकं अधिक, तितकी ही चूक मोठी.

असं का होतं, हे शरीराच्या आत डोकावलं की कळतं. मेंदूचा एक किलो दिवसाला सुमारे २४० कॅलरी खर्च करतो, यकृताचा २००, हृदय आणि मूत्रपिंडांचा प्रत्येकी ४४० च्या आसपास. स्नायूंचा एक किलो विश्रांतीत फक्त १३ आणि चरबीचा साडेचार. त्यामुळे माणसाचं वजन ६० चं ९० झालं तरी मेंदू, यकृत, हृदय काही दीडपट होत नाहीत. वाढलेल्या ३० किलोंत बराच भाग चरबीचा असतो. स्वस्थ बसलेल्या जड माणसाचा खर्च वाढतो खरा, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. एक किलो स्नायू कमावले की दिवसभर बसल्या बसल्या कॅलरी जळत राहतात, असं जिममध्ये सर्रास सांगितलं जातं. तो फायदा दिवसाला तेरा कॅलरींचा आहे. स्नायू कमवावेत ते वजन उचलता यावं, जिना चढता यावा, म्हातारपणी पडलं तर उठता यावं म्हणून.

म्हणजे काट्यावरचं वजन हे एका अर्थाने अपुरं माप आहे. याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुण्याचं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघं शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. एका पानाच्या त्या टिपणाने भारतीय शरीराबद्दलची चर्चा बदलली. सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटात दडलेली चरबी त्यामुळे डॉक्टरांच्या नजरेत आली. ऊर्जेच्या हिशेबातही तिला महत्त्व आहे: अशाच, पण एकाच उंचीच्या दोन माणसांनी बरोबरीने टेकडी चढली तर उचललेलं वजन सारखंच, पण उचलणारं इंजिन एकाकडे मोठं आणि दुसऱ्याकडे लहान. उचलायला लागणारी ऊर्जा सारखी असली तरी दम कोणाला आधी लागणार, ते काटा सांगत नाही.

धावण्याचा हिशेब चालण्याहून सरळ आहे. मिलानच्या रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६३ मध्ये दाखवलं की सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते, मग वेग काहीही असो. सावकाश धावणारा आणि भरधाव धावणारा, दोघांचा किलोमीटरमागचा खर्च जवळपास तोच. मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर ६० किलोच्या धावपटूला अडीच हजारांच्या आसपास पडतात आणि ८० किलोच्या धावपटूला जवळपास ३,४००. जो साडेतीन तासांत पोचला त्याच्या गळ्यातही पदक आणि जो सहा तासांत पोचला त्याच्याही. पण ८० किलोच्या दुसऱ्याने ६० किलोच्या पहिल्यापेक्षा सुमारे ८५० कॅलरी जास्त काम केलं, हे पदकावर कुठे लिहिलेलं नसतं.

चालण्यात मात्र एक गंमत आहे. चालताना पुढचा पाय टेकला की शरीर त्या पायावर थोडं उचललं जातं, मग पुढे कलंडतं, पुन्हा उचललं जातं. दर पावलाला शरीराचं तोल-केंद्र काही सेंटिमीटर वर-खाली होतं. वर जाताना कमावलेली उंची खाली येताना वेगाच्या रूपाने परत मिळते, जसा लंबक एका बाजूची उंची दुसऱ्या बाजूला वापरतो. इटलीचे जोव्हान्नी काव्हान्या यांनी हे आयुष्यभर मोजलं. चांगल्या वेगाने चालताना ही ऊर्जा पुष्कळशी परत मिळते, धावताना ती सोय राहत नाही, म्हणून तेच अंतर चालून काटलं तर जवळजवळ निम्म्या निव्वळ खर्चात पडतं.

काव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माप केनियात नेलं. १९८६ साली 'नेचर'मध्ये त्यांचा जो लेख आला त्याने शास्त्रज्ञांना गोंधळात टाकलं. लुओ आणि किकुयू जमातींच्या स्त्रियांना त्यांनी डोक्यावर किंवा कपाळाला लावलेल्या पट्ट्यावर ओझं देऊन ट्रेडमिलवर चालवलं आणि ऑक्सिजन मोजला. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं असताना त्यांचा खर्च वाढलाच नाही. १२ किलोचं ओझं ६० किलोच्या बाईसाठी जणू नव्हतंच. तेच ओझं पाठीवर घेतलेल्या सैनिकांचा खर्च वजनाच्या प्रमाणात वाढत होता. १९९५ मध्ये उत्तर मिळालं: ओझं डोक्यावर आलं की या स्त्रियांची लंबकासारखी चाल अधिक काटेकोर होते, एरवी वाया जाणारी ऊर्जा त्या वाचवतात. लहानपणापासूनच्या सवयीने हे शरीरात उतरलेलं आहे.

नेपाळच्या डोंगरी हमालांवरचा अभ्यास २००५ चा. तिथले पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रिया ६६ टक्के ओझं वाहून नामचेच्या बाजाराला चालल्या होत्या. काही चाल, काही थांबा, पुन्हा चाल, दिवसेंदिवस. भारी ओझ्याच्या बाबतीत ते केनियाच्या स्त्रियांपेक्षाही काटकसरी निघाले. डोईवर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन विहिरीवरून चढ चढणाऱ्या बायका महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत, आणि आषाढात डोईवर तुळशीवृंदावन घेऊन पंढरपूरला जाणाऱ्या स्त्रियाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर. पन्नास किलोच्या वारकरी बाईसाठी ते निव्वळ ६,५०० कॅलरींचं काम आहे आणि ऐंशी किलोच्या बाईसाठी १०,४०० चं. ही मेहनत कोणत्याही घड्याळाने कधी मोजलेली नसली तरी ती झालेली असते.

पण अंगातलं वजन आणि डोक्यावरचं ओझं यांत मोठा फरक आहे. ओझं उतरवता येतं आणि ते एका जागी, तोलाच्या रेषेत ठेवता येतं. चरबी मांड्यांवर, पोटावर, दंडांवर पसरलेली असते. मांड्या जाड असल्या की पाय थोडे फाकून टाकावे लागतात, पाऊल बाहेरून वळवून आणावं लागतं, पायाचं स्वतःचंच वजन दर पावलाला हलवावं लागतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात रेमंड ब्राउनिंग आणि रॉजर क्रॅम यांनी २००५ साली लठ्ठ आणि सामान्य वजनाच्या स्त्रियांची चाल तपासली. दोन्ही गटांनी स्वतःहून निवडलेला वेग जवळपास सारखा होता, ताशी पाच किलोमीटरच्या थोडा वर. दर किलोमागचा खर्च लठ्ठ स्त्रियांचा सुमारे दहा टक्के अधिक. आणि खरी गोष्ट याच्या पुढे आहे: त्या वेगाने चालताना सामान्य वजनाच्या स्त्रिया आपल्या ऑक्सिजन घेण्याच्या कमाल क्षमतेच्या ३६ टक्के वापरत होत्या, तर लठ्ठ स्त्रिया ५१ टक्के.

५१ टक्के म्हणजे काय, हे ज्याने मैदानावर पोरं तयार केली आहेत त्याला सांगायला नको. तो चालण्याचा नव्हे, बऱ्यापैकी जोरदार व्यायामाचा टप्पा आहे. मैत्रिणीशी गप्पा मारत एक बाई बागेची फेरी मारते, तेव्हा दुसरी त्याच फेरीत जोरकस व्यायाम करत असते, आणि वर हसून गप्पांना उत्तरही देत असते. तिला 'जरा पाय उचल' असं म्हणणारा प्रशिक्षक मोजमाप न करता बोलत असतो. शाळेत हे अधिक घडतं. शिक्षा म्हणून मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावताना ३५ किलोच्या मुलाची शिक्षा आणि ७० किलोच्या मुलाची शिक्षा सारखी नसते. दुसऱ्याची दुप्पट असते, आणि भोवती पोरं हसत असतात ती निराळी. ज्या मुलाने मैदानाची आवड धरायची त्याला तिथेच मैदानाची भीती बसते. अशी मुलं पुढे चाळिशीत डॉक्टरने सांगितल्यावर नाइलाजाने बूट विकत घेतात.

तालमीतल्या मेहनतीलाही हाच हिशेब लागू पडतो. बैठक मारताना पोटऱ्यांखालचा भाग सोडून जवळजवळ सगळं शरीर वर-खाली होतं. ८० किलोच्या पैलवानाचे ७० किलो दर बैठकीला चाळीस सेंटिमीटर उचलले जातात असं धरलं, तर हजार बैठकांचा नुसता उचलण्याचा खर्च अडीचशे कॅलरींच्या पुढे जातो, आणि खाली बसताना तोल सावरण्याचा वेगळा. वस्तादाने ५५ किलोच्या नव्या पोराला आणि ८० किलोच्या जुन्या गड्याला एकच आकडा दिला, तरी दोघांची मेहनत एक नसते. चांगले वस्ताद हे जाणून असतात; ते आकड्याइतकाच पोराच्या श्वासाकडे आणि मांडीच्या थरथरीकडे बघून थांबवतात.

मग वजनाची ही अडचण कुठेच टाळता येत नाही का? येते. जिथे शरीर दुसऱ्या कशाने तोललेलं असतं, तिथे वजनाचा हिशेबातला वाटा एकदम उतरतो. जागेवरच्या व्यायामसायकलीवर शंभर वॅट लावून तासभर पॅडल मारलं तर स्नायूंनी केलेलं काम ८६ कॅलरींचं आणि एकूण खर्च साधारण साडेतीनशे. मामांचाही तेवढाच आणि भाच्याचाही जवळपास तेवढाच, कारण दोघांचं वजन खोगीर वाहत असतं. खुल्या सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा असतो, वजन नव्हे. चढ लागला की मात्र वजन परत मोजलं जातं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, आणि तो किताब सहसा भरदार अंगाच्या गड्याच्या वाट्याला येत नाही, हे पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. पोहण्यात तर जास्तीची चरबी उलट मदतीला येते, ती शरीराला पाण्यावर उचलून धरते. ज्याचे गुडघे सपाटीवरही कुरकुरतात त्याने सुरुवात तलावात किंवा सायकलीवर करावी, हा सल्ला दया म्हणून द्यायचा नसतो. तिथेच तो आपल्या क्षमतेचा योग्य हिस्सा वापरून अधिक वेळ टिकू शकतो.

ट्रेडमिलबद्दल एक सूचना इथेच. बरीच यंत्रं सुरू करताना वजन विचारतात; ते न भरता बटण दाबलं की यंत्र स्वतःच ७० किलोच्या आसपासचा माणूस गृहीत धरतं. ५० किलोच्या बाईला ते फुगवून सांगतं, १०० किलोच्या माणसाचे कष्ट कापून सांगतं. आणि दांडा घट्ट धरून त्यावर अंग टाकलं की वजनाचा बराच भाग हातांवर जातो, पायांचा खर्च घटतो, यंत्राला मात्र त्याची खबर नसते.

आता वजन उतरू लागतं तेव्हा काय होतं, हा भाग सर्वांत कमी बोलला जातो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. महायुद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं सावरायचं, हे शिकण्यासाठी. या तरुणांना आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचंच होतं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं, पण विश्रांतीचा खर्च जवळपास चाळीस टक्क्यांनी खाली आला. शरीर नुसतं लहान झालं नाही, ते कंजूषही झालं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लाइबेल, मायकेल रोझेनबाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की दहा टक्के वजन उतरवून तिथेच स्थिर राहिलेल्या माणसांचा दिवसाचा खर्च, वजन घटल्यामुळे जेवढा कमी व्हायला हवा त्याहूनही कमी होतो. पुढे २००३ मध्ये त्यांनाच आढळलं की हलक्या श्रमांच्या वेळी अशा माणसांचे स्नायू सुमारे पंधरा टक्के अधिक काटकसरीने काम करतात. दोन किलोमीटर चालायला पूर्वी जे लागत होतं ते आता लागत नाही: एक तर उचलायचं वजन घटलं, आणि उचलणारं यंत्रही थोडक्यात भागवायला शिकलं.

टांझानियातल्या हाद्झा या शिकारी जमातीचा अभ्यास हर्मन पाँट्झर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तर आणखी मोठा धक्का बसला. दिवसभर रानात भटकणाऱ्या, मध आणि कंदमुळं शोधणाऱ्या, शिकारीमागे मैलोन्‌मैल चालणाऱ्या त्या माणसांचा दिवसाचा एकूण खर्च, शरीराचा आकार लक्षात घेतला तर, युरोप-अमेरिकेतल्या बैठ्या लोकांइतकाच निघाला. जास्तीच्या हालचालींची भरपाई शरीर इतर कामांत काटछाट करून करतं, असं त्यातून दिसू लागलं. २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या नोंदींवरून असं निघालं की व्यायामात खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर दुसरीकडे वाचवून घेतं, आणि ज्यांच्या अंगात चरबी अधिक त्यांच्यात हे प्रमाण जास्त असतं. म्हणजे मामांच्या तासाभराच्या निव्वळ २२५ कॅलरींमधून दिवसअखेर १६० सुद्धा धडपणे शिल्लक राहत नसतील.

१९५८ साली मॅक्स विशनॉफ्स्की नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने एक पौंड चरबीमागे ३,५०० कॅलरी हा हिशेब मांडला होता. किलोला ७,७०० च्या आसपास. तो आकडा चरबीच्या साठ्यापुरता बरोबर आहे. पण रोज ५०० कमी केल्या की दर आठवड्याला एक पौंड, वर्षभर, न थांबता, हा त्यावर रचलेला अंदाज बरोबर नाही. शरीर दर महिन्याला नवा हिशेब लावत असताना माणूस जुन्याच हिशेबावर चालत राहतो. तीन महिन्यांनी काटा अडतो. घरचे म्हणतात, पहिल्यासारखं मनावर घेत नाहीस. जिममधला पोरगा म्हणतो, डाएट तुटतंय का? आणि ज्याने दहा किलो उतरवले त्यालाच स्वतःचा संशय येऊ लागतो.

ज्यांनी उतरलेलं वजन टिकवून दाखवलं, त्यांची अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे. रीना विंग आणि जेम्स हिल यांनी ती सुरू केली, किमान १३.६ किलो उतरवून निदान वर्षभर खाली ठेवलेल्यांनाच तीत नाव घालता येतं. हजारो नावांची ती यादी वाचली तर त्यात साहसी व्यायाम फारसे सापडत नाहीत. बहुतेकांचा मुख्य व्यायाम चालणं, आणि तोही दिवसाला तासाभराच्या आसपास. ९० किलोचे मामा ७५ वर आले की तासाभराच्या त्याच फेरीचा निव्वळ खर्च २२५ वरून १८८ च्या आसपास येतो. जुना आकडा गाठायला आता ७२ मिनिटं चालावं लागतं, किंवा वाटेत एक चढ घ्यावा लागतो. बारा मिनिटांची ही वाढ हे त्यांनी काहीतरी कमावल्याचं गणित आहे, आणि ते त्यांना पहिल्याच दिवशी, पंधरा किलो उतरायच्या आधी, कोणीतरी सांगायला हवं. जिमच्या कार्डावर सेट आणि मिनिटांच्या रकान्यांशेजारी महिन्याच्या महिन्याला वजनाचा रकाना असतो. तो भरला की प्रशिक्षकाने मागचा कार्यक्रमही त्याच वेळी नव्याने मांडायचा, एवढं केलं तरी पुष्कळ माणसं चौथ्या महिन्यातही व्यायामाला येत राहतील.